घटक ५ : संग्राह्य वस्तूंची ऑनलाइन विक्री – परदेशी ग्राहकाला वस्तू पाठवावी की नाही?

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• संग्राह्य वस्तू परदेशी पाठवण्याचा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा, हे सांगता येईल.
• कोणत्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यास कायद्याने बंदी आहे, हे स्पष्ट करता येईल.
• परदेशी विक्रीतील खर्च व जोखीम यांचा हिशेब मांडता येईल.
• वस्तूचे वर्णन आणि पाठवणीच्या अटी नेमक्या मराठीत लिहिता येतील.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण जाहिरात आणि वस्तुवर्णन यांच्या लेखनाचा विचार केला. या घटकात त्याच कौशल्याचा उपयोग आपण एका व्यावहारिक प्रश्नासाठी करणार आहोत. जुनी नाणी, टपाल तिकिटे, दिवाळी अंक, चित्रपटांच्या पुस्तिका, भित्तिपत्रके यांना ‘संग्राह्य वस्तू’ असे म्हणतात. पूर्वी या वस्तू मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हातोहात विकल्या जात. आता त्यांची छायाचित्रे ऑनलाइन मांडली जातात आणि ती जगात कोठेही पाहता येतात. त्यामुळे विक्रेत्याने मनात आणले नसले, तरी परदेशातून विचारणा येते. अशा वेळी काय उत्तर द्यावे, हा या घटकाचा विषय आहे.

विवेचन सोपे व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, सातारा जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीचे आजोबा शाळेत शिक्षक होते. त्यांच्या पश्चात घरातील लोखंडी ट्रंक तिच्याकडे आली. ट्रंकेत पुढील सात प्रकारच्या वस्तू निघाल्या : चाळीस शिवराई नाणी, मोडी लिपीतील कागदांचे एक बाड, प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाची पुस्तिका, स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याची प्रथम दिवस आवरणे, १९६० ते १९७५ या काळातील दिवाळी अंक, गांधी जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली निघालेली दहा रुपयांची चांदीची चार नाणी, आणि हस्तिदंती मुठीची एक काठी. घरदुरुस्तीसाठी पैशांची निकड असल्याने तिने या सर्वांची छायाचित्रे ऑनलाइन ठेवली. आठवड्याच्या आत अमेरिकेतील एका ग्राहकाने मोडी बाड आणि शिवराया यांसाठी स्थानिक भावाच्या कितीतरी पट रक्कम देऊ केली. सोबत “पार्सलवर ‘भेटवस्तू’ असे लिहा आणि किंमत कमी दाखवा,” अशी सूचनाही केली. दुसऱ्या एका मराठी वाचकाने न्यू जर्सीहून फक्त तीन दिवाळी अंक मागितले. तिने कोणाला होकार द्यावा?

‘परदेशी पाठवावे की नाही’ या प्रश्नाला सर्व वस्तूंसाठी एकच उत्तर देता येत नाही. एकाच ट्रंकेतील एक वस्तू निर्धास्तपणे पाठवता येते, तर दुसरी पाठवल्यास तुरुंगवास होऊ शकतो. म्हणून प्रत्येक वस्तू चार चाळण्यांतून गाळून घ्यावी : वस्तू, देश, वाहतूक आणि हिशेब. हा क्रम बदलू नये. अनेक विक्रेते प्रथम हिशेब करतात, भाव पाहून होकार देतात आणि कायद्याचा विचार पैसे हाती आल्यावर करतात. चुका होतात त्या येथेच.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ पहिली चाळणी : वस्तू

पहिला प्रश्न असा : ही वस्तू देशाबाहेर नेण्याची मुभा आहे का? याचे उत्तर प्रामुख्याने ‘पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२’ या केंद्रीय कायद्यात मिळते. हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार नाणे, शिल्प, चित्र, कोरीव लेख, कारागिरीची वस्तू किंवा ऐतिहासिक महत्त्वाची कोणतीही वस्तू किमान १०० वर्षे अस्तित्वात असेल, तर ती ‘पुरावस्तू’ ठरते. हस्तलिखिते, दप्तरे आणि इतर दस्तऐवज यांना शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या मूल्य असेल, तर त्यांच्यासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे.

पुरावस्तूची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा यांच्याशिवाय इतर कोणालाही करता येत नाही. म्हणजे शुल्क भरून किंवा परवाना काढून खासगी व्यक्तीने पुरावस्तू परदेशी विकण्याची वाटच कायद्याने ठेवलेली नाही. या तरतुदीचा भंग झाल्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास, शिवाय दंड, अशी शिक्षा आहे. देशातल्या देशात पुरावस्तूंचा व्यापार करावयाचा असला, तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा परवाना लागतो, हेही लक्षात ठेवावे.

आता ट्रंकेकडे वळू. शिवराई हे तांब्याचे नाणे छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झाले आणि पुढे पेशवाईतही अनेक टांकसाळींत पाडले गेले. ट्रंकेतील शिवराया त्यांपैकी कोणत्याही काळातील असोत, त्या शंभर वर्षांहून कितीतरी जुन्या आहेत. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. “शिवराई तर ढिगाने मिळते, तिची किंमत ती काय?” असा युक्तिवाद केला जातो. परंतु कायद्याने वस्तूची दुर्मिळता किंवा किंमत विचारलेली नाही. वय विचारले आहे. म्हणून थोडक्या किमतीची शिवराईदेखील परदेशी पाठवता येत नाही.

मोडी बाडाच्या बाबतीत मर्यादा आणखी अलीकडची आहे. २०२६ साली पाहिले, तर १९५१ किंवा त्यापूर्वीचा दस्तऐवज ७५ वर्षांचा होतो. मोडीचा व्यवहारातील वापर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे पडत गेला. त्यामुळे घरोघरी सापडणारे बहुतेक मोडी कागद या मर्यादेपलीकडचेच असतात. त्यांत जमिनीचे व्यवहार, सावकारी हिशेब, गावकीचे निवाडे, घरगुती पत्रे असे काहीही असू शकते. आपल्या विद्यार्थिनीला मोडी वाचता येत नाही. म्हणजे ती काय विकत आहे हे तिलाच ठाऊक नाही. अशा कागदांना मूल्य नाही असे गृहीत धरण्याचा अधिकार न वाचणाऱ्याला नसतो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे किंवा मोडीच्या जाणकाराकडे ते प्रथम दाखवावेत. १९१० साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या मंडळाचे कामच मुळात अशा घरोघरच्या दप्तरांतून उभे राहिले.

‘संत तुकाराम’ची पुस्तिका ही मधली अवस्था आहे. चित्रपट १९३६ चा. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुस्तिका ‘वस्तू’ मानली, तर तिला अजून १०० वर्षे झालेली नाहीत. पण तिला ऐतिहासिक मूल्याचा ‘दस्तऐवज’ मानले, तर ७५ वर्षे केव्हाच उलटली आहेत. अशा शंकेच्या वेळी निर्णय विक्रेत्याने करावयाचा नसतो. एखादी वस्तू पुरावस्तू आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या महासंचालकांकडे दिलेला आहे. विभागाकडून ‘पुरावस्तू नसल्याचा दाखला’ मिळतो. जुन्या घाटाच्या नव्या मूर्ती किंवा नाण्यांच्या प्रतिकृती परदेशी पाठवतानाही हा दाखला उपयोगी पडतो, कारण सीमाशुल्क अधिकाऱ्याला केवळ पाहून वय ओळखता येईलच असे नाही.

वयाची ही रेषा स्थिर नाही, हेही ध्यानात घ्यावे. दरवर्षी ती एक वर्ष पुढे सरकते. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेले महात्मा गांधींचे दहा रुपयांचे टपाल तिकीट आज शंभर वर्षांचे नाही. २०४८ साली ते होईल. पंचम जॉर्जच्या काळातील तिकिटे मात्र एकेक वर्षाने रेषा ओलांडत आहेत. म्हणून ‘गेल्या वेळी पाठवले होते’ हे समर्थन पुरेसे ठरत नाही.

वय नव्हे, तर वस्तू कशाची बनली आहे यावरून लागू होणारी बंदी वेगळी आहे. हस्तिदंताच्या व्यापाराला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतात बंदी आहे आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर ‘साइट्स’ या कराराचे निर्बंध आहेत. त्यामुळे हस्तिदंती मुठीची काठी परदेशी तर नाहीच, देशातही विकता येत नाही. कासवाची पाठ, प्राण्यांची कातडी व शिंगे, मोरपिसे, शिसवी लाकूड यांपासून बनलेल्या वस्तूंबाबतही आधी चौकशी करावी.

तिसरा निर्बंध चलनाचा. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील २०१५ च्या नियमांनुसार नेपाळ व भूतान वगळता इतर देशांत स्मारक नाणी प्रत्येकी दोनपेक्षा अधिक पाठवता येत नाहीत. आपल्या विद्यार्थिनीकडे १९६९ ची चार चांदीची नाणी आहेत. ती चारही एका ग्राहकाला परदेशी पाठवणे या मर्यादेत बसत नाही. शिवाय विमा न उतरवलेल्या टपालात नाणी, चलनी नोटा आणि मौल्यवान धातू घालू नयेत, असा आंतरराष्ट्रीय टपाल कराराचा नियम आहे.

उरले दिवाळी अंक आणि प्रथम दिवस आवरणे. आवरणे स्वतंत्र भारताची आहेत. फक्त १९५१ किंवा त्यापूर्वीचे एखादे निघाल्यास ते बाजूला ठेवून चौकशी करावी. दिवाळी अंक १९६० नंतरचे असल्याने त्यांना अडचण नाही. मात्र हाच नियम सरसकट लावू नये. ‘मनोरंजन’ मासिकाचा १९०९ सालचा दिवाळी अंक, जो मराठीतील पहिला दिवाळी अंक मानला जातो, तो सापडला तर त्याचे वय शंभराच्या पुढे गेलेले असेल.

पहिल्या चाळणीतून सातांपैकी दोन प्रकार सरळ खाली आले; पुस्तिका आणि चांदीची नाणी अटींसह थांबली; शिवराया, मोडी बाड आणि काठी वर राहिली. ज्या दोन वस्तूंना सर्वाधिक भाव आला होता, त्याच वर राहिल्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) दस्तऐवज पुरावस्तू ठरण्यासाठी किमान किती वर्षांची अट आहे?
आ) शिवराईची किंमत अल्प असूनही ती परदेशी का पाठवता येत नाही?

५.२.२ दुसरी चाळणी : देश

वस्तू आपल्या देशातून बाहेर जाऊ शकते, एवढ्याने काम होत नाही. समोरच्या देशात ती आत जाऊ शकली पाहिजे. प्रत्येक देशाचे सीमाशुल्क, विक्रीकर आणि बंदी असलेल्या वस्तूंची यादी वेगळी असते, आणि हे नियम अचानक बदलतात. अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. त्या देशात ८०० डॉलरपर्यंतचे पार्सल शुल्काविना येऊ देण्याची सवलत होती. ती २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवण्यात आली. शुल्क कोणी व कसे वसूल करावे याची व्यवस्था तयार नसल्याने भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक टपाल सेवा स्थगित केली. ती ऑक्टोबरच्या मध्यास पुन्हा सुरू झाली. ज्या विक्रेत्यांनी त्या दरम्यान पैसे घेतले होते, त्यांच्यापुढे वस्तू पाठवता येत नाही आणि ग्राहक थांबत नाही, असा पेच उभा राहिला.

युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या पार्सलांना असलेली मूल्यवर्धित कराची सूट १ जुलै २०२१ पासून काढून टाकली. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर कर विक्रीच्या वेळीच आकारला जातो. विक्री मोठ्या संकेतस्थळामार्फत झाल्यास तो संकेतस्थळच भरते. ग्राहक थेट आपल्याशी व्यवहार करत असेल, तर ही जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. छापील पुस्तकांवर अनेक देशांत सीमाशुल्क नसते. दिवाळी अंक विकणाऱ्याला ही अनुकूल बाब आहे.

येथे ठरवायचा मुद्दा एकच : परदेशातील शुल्क कोण भरणार? ते ग्राहकाने भरावयाचे असेल, तर विक्रीपूर्वी तसे स्पष्ट लिहिलेले असावे. न लिहिल्यास ग्राहक दारात आलेले पार्सल नाकारतो, ते महिन्यांनी परत येते किंवा तिकडेच नष्ट केले जाते, आणि नुकसान विक्रेत्याचे होते. म्हणून नव्या विक्रेत्याने ‘जगभर पाठवतो’ असे लिहू नये. ज्यांचे नियम आपण स्वतः वाचले आहेत अशा दोन-तीन देशांपासून सुरुवात करावी.

५.२.३ तिसरी चाळणी : वाहतूक आणि कागदपत्रे

पैसे घेऊन परदेशी वस्तू पाठवणे ही निर्यात आहे. पार्सल एकच असले तरी. तिच्यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयातदार-निर्यातदार सांकेतांक घ्यावा लागतो. तो पॅन क्रमांकाशी जोडलेला असून ऑनलाइन मिळतो. वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने निर्यातीला शून्य दर आहे. परंतु नोंदणी व विवरणपत्रे आपल्या बाबतीत कशी लागू होतात, हे कर-सल्लागाराला एकदा विचारून घ्यावे. पैसे बँकेच्या किंवा रिझर्व्ह बँकेच्या नियमांखालील अधिकृत मध्यस्थाच्या मार्गानेच यावेत. “तुमच्या इकडच्या नातेवाइकाच्या खात्यात भरतो,” ही सूचना स्वीकारू नये.

लहान विक्रेत्यांसाठी टपाल खात्याने २०२२ च्या अखेरीस ‘डाकघर निर्यात केंद्रे’ सुरू केली. तेथे टपाल निर्यात पत्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरता येते. पार्सलवर सीमाशुल्काचे घोषणापत्र लावावे लागते. टपालात त्याचे ‘सीएन २२’ आणि अधिक मूल्यासाठी ‘सीएन २३’ असे नमुने आहेत. त्यात वस्तूचे नाव, वजन, किंमत आणि वर्गीकरण क्रमांक लिहायचा असतो. जागतिक वर्गीकरणात कलाकृती, संग्राह्य वस्तू व प्राचीन वस्तू ९७ व्या प्रकरणात येतात. टपाल तिकिटे व प्रथम दिवस आवरणे ९७०४ या शीर्षाखाली, तर छापील पुस्तके व नियतकालिके ४९ व्या प्रकरणात.

हे घोषणापत्र म्हणजे सरकारपुढे केलेले निवेदन आहे. ‘भेटवस्तू लिहा, किंमत कमी दाखवा’ ही सूचना वरवर निरुपद्रवी वाटते, कारण कर ग्राहकाचा वाचतो. पण खोट्या निवेदनावर सही विक्रेत्याची असते. शिवाय पार्सल हरवल्यास भरपाई घोषित किमतीच्या आधारानेच मागता येते. पाच हजारांची वस्तू पाचशेची म्हणून पाठवली, तर हरवल्यावर ती पाचशेचीच उरते. अशी सूचना करणाऱ्या ग्राहकाला नम्रपणे नकार द्यावा.

पाठवणी माग काढता येण्याजोग्या सेवेनेच करावी. आंतरराष्ट्रीय टपालाच्या माग-क्रमांकात तेरा चिन्हे असतात : दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. ‘वस्तू मिळाली नाही’ अशी तक्रार ग्राहकाने आपल्या बँकेकडे केली, तर विक्रेत्याच्या बाजूने बोलणारा पुरावा हाच असतो. असा क्रमांक नसल्यास वस्तू पोचली असूनही रक्कम परत जाऊ शकते.

वेष्टनाचा विचार वस्तूच्या प्रकृतीनुसार करावा. कागदाचे शत्रू ओल, घडी आणि चिकटपट्टी हे आहेत. अंक प्रथम प्लॅस्टिकच्या पाकिटात, मग दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये आणि शेवटी मजबूत खोक्यात ठेवावा. चिकटपट्टी कधीही थेट कागदावर लावू नये. भित्तिपत्रक गुंडाळून नळीत पाठवता येते, पण कागद ठिसूळ झाला असेल तर गुंडाळताना तो तडकतो. पावसाळ्यात पार्सल मुंबईत काही दिवस अडकू शकते, हे गृहीत धरावे. बांधण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे छायाचित्र काढून ठेवावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) घोषणापत्रात किंमत कमी दाखवल्याने विक्रेत्याचे कोणते दोन तोटे होतात?
आ) माग-क्रमांकाचे महत्त्व कशात आहे?

५.२.४ चौथी चाळणी : हिशेब

आता हिशेब करता येईल. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपण आपल्या प्रत्यक्ष दरांनी ते बदलून घ्यावेत. गृहीत असे : परदेशी टपाल ₹१,१००, संकेतस्थळाचे शुल्क व चलन-बदल मिळून एकूण रकमेच्या १५ टक्के, वेष्टन ₹१२०, आणि वीस पार्सलांमागे एकाची रक्कम परत करावी लागेल. देशांतर्गत विक्रीत टपाल ₹८०, शुल्क ८ टक्के, वेष्टन ₹४० आणि पन्नासांत एक परतावा. टपालखर्च दोन्हीकडे ग्राहकच देतो.

पहिले उदाहरण – तीन अंकांचा संच, परदेशी किंमत ₹२,५००, देशात ₹१,५००.
परदेशी : जमा ३,६००. वजा टपाल १,१००, शुल्क ५४०, वेष्टन १२०, जोखीम १८०. शिल्लक ₹१,६६०.
देशात : जमा १,५८०. वजा टपाल ८०, शुल्क १२६, वेष्टन ४०, जोखीम ३२. शिल्लक ₹१,३०२.

दुसरे उदाहरण – एक प्रथम दिवस आवरण, परदेशी किंमत ₹६००, देशात ₹४००.
परदेशी : जमा १,७००. वजा टपाल १,१००, शुल्क २५५, वेष्टन १२०, जोखीम ८५. शिल्लक ₹१४०.
देशात : जमा ४८०. वजा टपाल ८०, शुल्क ३८, वेष्टन ४०, जोखीम १०. शिल्लक ₹३१२.

दोन्ही वस्तूंना परदेशात अधिक भाव आहे; तरीही दुसरी वस्तू परदेशी विकल्यास हाती निम्म्याहूनही कमी येते. याची दोन कारणे आहेत. टपालखर्च वस्तूच्या किमतीप्रमाणे कमी होत नाही. आणि शुल्क वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर टपालासह एकूण रकमेवर आकारले जाते. म्हणून प्रत्येक विक्रेत्याने आपल्यापुरती एक किमान किंमत ठरवावी आणि त्याखालील वस्तू परदेशी देऊ नये. अनेक स्वस्त वस्तूंचा एकच संच करणे, हा त्यावरील साधा उपाय.

पहिल्या उदाहरणातील जास्तीचे ₹३५८ हेही निव्वळ नव्हेत. त्यात कागदपत्रांना लागणारा वेळ, ग्राहकाशी पत्रव्यवहार आणि महिनाभराची वाट पाहणे यांचे मोल धरलेले नाही. आणखी एक कसोटी लावून पाहावी : हे पार्सल हरवले आणि पूर्ण रक्कम परत करावी लागली, तर आपले घर ते सोसेल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर सरासरी कितीही अनुकूल असो, वस्तू पाठवू नये. सरासरीचा आधार वीस पार्सले पाठवणाऱ्याला मिळतो. एकच पाठवणाऱ्याला नाही.

५.२.५ निर्णय शब्दांत मांडणे

घेतलेला निर्णय ग्राहकाला विक्रीपूर्वी कळला पाहिजे. येथे भाषेचे काम सुरू होते. ‘उत्तम स्थिती’, ‘अतिदुर्मिळ’ अशी विशेषणे वाद निर्माण करतात. दोष सांगणारी वाक्ये वाद टाळतात. पुढील नमुना पाहा :

“दिवाळी अंक, १९६८. मुखपृष्ठाचा उजवा वरचा कोपरा दुमडलेला. पृष्ठे पिवळसर, कसरीची छिद्रे शेवटच्या चार पानांत, मजकुरास धक्का नाही. मूळ मालकाची सही पहिल्या पानावर.

पाठवणी : भारतात सर्वत्र. परदेशात सध्या अमेरिका व ब्रिटन येथेच. घोषणापत्रात खरी किंमत लिहिली जाईल. ग्राहकाच्या देशातील शुल्क ग्राहकाने भरावयाचे आहे. माग-क्रमांक दिला जाईल. शंभर वर्षांवरील वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरील दस्तऐवज परदेशी पाठवले जात नाहीत.”

शेवटच्या वाक्याचा फायदा असा की, नकार व्यक्तीला उद्देशून राहत नाही. तो आधीच सांगितलेला नियम ठरतो. आपल्या विद्यार्थिनीने अमेरिकेतील पहिल्या ग्राहकाला याच शब्दांत उत्तर द्यावे. न्यू जर्सीच्या वाचकाला मात्र तिने होकार द्यावा. परदेशी मराठी समाज विखुरलेला असला, तरी संघटित आहे. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून कार्यरत आहे. जुना दिवाळी अंक तेथे अशा हाती पडू शकतो, जो तो उघडून वाचेल. मोडी बाडाबद्दल मिळणारी मोठी रक्कम सोडणे सोपे नाही. घराचे छप्पर गळत असताना तर नाहीच. परंतु ती रक्कम तिची कधी नव्हतीच, कारण तो व्यवहारच कायद्याने शक्य नव्हता. हे छायाचित्रे ऑनलाइन ठेवण्याआधी कळले असते, तर आशा आणि निराशा दोन्ही टळल्या असत्या. चाळण्या विक्रीनंतर नव्हे, मांडणीपूर्वी लावायच्या, तो यासाठी.

५.३ सारांश

परदेशी पाठवणीचा निर्णय वस्तूगणिक घ्यावा लागतो. प्रथम वस्तूचे वय, ती कशाची बनली आहे आणि चलनाचे निर्बंध पाहावेत. शंका असल्यास पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा दाखला घ्यावा. नंतर ग्राहकाच्या देशाचे चालू नियम तपासावेत. त्यानंतर कागदपत्रे, माग काढता येणारी सेवा आणि वेष्टन यांची सोय करावी. शेवटी हिशेब करावा आणि किमान किंमत ठरवावी. या चारही टप्प्यांचे निष्कर्ष वस्तूच्या वर्णनात आधीच, स्पष्ट शब्दांत लिहावेत.

५.४ पारिभाषिक शब्द

पुरावस्तू : कायद्याने ठरवलेल्या वयाची, ऐतिहासिक वा कलात्मक मूल्याची वस्तू.
प्रथम दिवस आवरण : तिकीट प्रसिद्ध झाल्याच्या दिवशीची मोहोर असलेला विशेष लिफाफा.
घोषणापत्र : पार्सलातील वस्तू व किंमत यांविषयी सीमाशुल्क विभागाला दिलेले निवेदन.
माग-क्रमांक : पार्सल कोठे आहे हे कळण्यासाठी दिलेला क्रमांक.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) ७५ वर्षे. आ) कायदा वस्तूची किंमत नव्हे, तर वय विचारात घेतो, शिवराई शंभर वर्षांहून जुनी असल्याने ती पुरावस्तू ठरते.
प्रश्न २ : अ) खोट्या निवेदनाची जबाबदारी विक्रेत्यावर येते, पार्सल हरवल्यास भरपाई कमी किमतीच्या आधारेच मागता येते. आ) वस्तू पोचल्याचा पुरावा त्यातून मिळतो आणि ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर देता येते.

५.६ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१) ‘परदेशी विक्रीचा निर्णय भावावरून नव्हे, वस्तूवरून ठरतो.’ हे विधान उदाहरणांसह स्पष्ट करा.
२) आपल्या घरातील किंवा परिचितांकडील पाच जुन्या वस्तूंची यादी करा. प्रत्येकीचे वय कोणत्या पुराव्यावरून ठरवले, ते लिहा आणि तिला चारही चाळण्या लावा.
३) त्यांपैकी परदेशी पाठवता येणाऱ्या एका वस्तूचे दोषांसह वर्णन आणि पाठवणीच्या अटी शंभर शब्दांत लिहा.
४) जवळच्या मुख्य टपाल कार्यालयात जाऊन सीमाशुल्क घोषणापत्राचा नमुना पाहा व वरील वस्तूसाठी तो भरून दाखवा.